दोनशे दाण्यांची बरणी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या प्राथमिक शाळेत दर बुधवारी दुपारी एक ठेंगणी बाई काचेची मोठी बरणी पोटाशी धरून शिरायची. बरणी लोणच्याची, पण आत लोणचं नाही, राजमे. फेब्रुवारीतलं पार्किंग निसरडं, म्हणून तिचा नवरा दादाराव "दे इकडे, घसरशील," करत मागून यायचा, आणि ती मागे न बघता म्हणायची, "तुम्ही दार धरा." पहिल्या वर्षी ऑफिसातल्या सेक्रेटरीला वाटलं होतं, कॅफेटेरियात नवी स्वयंपाकीण आली.

ही कांताताई गजभिये. मूळची कामठीची, वय एकोणपन्नास. एका बँकेत तिने नऊ वर्षं नोकरी केली, ती फोन करण्याची. क्रेडिट कार्डाचे पैसे ज्यांनी थकवले त्यांना दिवसभर फोन लावायचे आणि पैसे कधी भरता ते विचारायचं. शिव्या खायच्या, त्याही वेगवेगळ्या अ‍ॅक्सेंटमध्ये. मग त्र्याण्णव साली धाकट्या प्रितमच्या वर्गात पालकांनी येऊन आपापल्या कामाबद्दल सांगायचा दिवस निघाला. एक फायरमन हेल्मेट घालून आला, एक डेंटिस्ट प्लास्टिकचा जबडा घेऊन आला, आणि कांताताई हात हलवत गेली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "तुमच्या फोनवर माणसं रडतात का?" कांताताई खोटं बोलत नसे. ती म्हणाली, "रडतात. मोठी माणसं. रोज दोन तरी." मुलगी विचारात पडली आणि म्हणाली, "मग त्यांना कोणी आधीच का नाही सांगत?"

तो प्रश्न घेऊनच कांताताई घरी गेली. चार दिवसांनी ती प्रिन्सिपॉलच्या खोलीत जाऊन बसली आणि पाचवीच्या मुलांसाठी सहा बुधवार मागून घेतले; सहाचे पुढे वर्षभराचे झाले. पुढल्या वर्षी बँक सोडून ती निम्म्या पगारावर कामगारांच्या एका पतपेढीत काउंटरवर बसायला लागली. मराठी मंडळात लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. दादाराव म्हणाला, "फिरलेलंच होतं, आता सरळ झालं."

हे सगळं नंदाला पुढे कळलं. सत्त्याण्णवच्या त्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा वर्गात मागे बसली, तेव्हा तिला एवढंच ठाऊक होतं, की आपली लेक इला जिला 'बीन्स लेडी' म्हणते ती मराठी बोलते. नंदाच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. एम.कॉम. झालेली बाई अपार्टमेंटच्या खिडकीतून बर्फ मोजून कंटाळली होती. शाळेला कागद कापायला, रांगा लावायला आया हव्याच असतात. म्हणून ती गेली.

तिच्या नवऱ्याबद्दल इथेच सांगायला हवं. श्रीराम वाईट माणूस नव्हता. मोटार कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, सकाळी डबा घेऊन जाणारा, सभ्य इंजिनीयर. लहानपणी त्याच्या वडिलांनी सांगलीत छत्तीस हप्त्यांवर स्कूटर घेतली होती. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या आळीला पेढे वाटले. श्रीरामच्या मनावर ते असं कोरलं गेलं, की हप्ता वेळेवर भरणारा माणूस म्हणजे इभ्रतीचा माणूस, यापलीकडे पैशाबद्दल त्याला दुसरं शास्त्र नव्हतं.

अमेरिकेत आल्यावर त्याला एक कार्ड मिळालं, मग दुसरं, मग सोनेरी रंगाचं तिसरं. सोफा आला, टीव्ही आला, कॅमकॉर्डर आला, भावाच्या लग्नाला तिघांची तिकिटं निघाली. दर महिन्याला बिल यायचं आणि त्यावर 'मिनिमम पेमेंट' म्हणून एक आकडा छापलेला असायचा. श्रीरामने त्याला मनातल्या मनात हप्ता म्हटलं आणि तो निर्धास्त झाला. पहिल्या रविवारी तो डायनिंग टेबलाशी बसायचा, तीन चेक लिहायचा, पाकिटावर तिकीट चिकटवायचा आणि म्हणायचा, "चार वर्षांत एक हप्ता चुकला नाही, नंदा!" बँक कार्डाची मर्यादा वाढवायची, तर त्याला ती शाबासकी वाटायची. आता तर तिने कोरे चेकही पाठवले होते, वाटेल तिथे वापरा, रक्कम कार्डावर चढेल म्हणून. त्यातला पाच हजारांचा चेक फाडून येत्या शनिवारी नवी व्हॅन घ्यायची ठरली होती. रंग नंदानेच निवडला होता, आमसुली. मंडळात चार जणींना सांगूनही झालं होतं.

तर त्या बुधवारी कांताताईने बरणी टेबलावर ठेवली आणि इंग्रजीत म्हणाली, "आज टायलरने टीव्ही घेतला आहे. दोन हजार डॉलर, कार्डावर." टायलर नावाचा लालबुंद कानांचा मुलगा खूष होऊन उभा राहिला. "बरणी म्हणजे त्याचं देणं. एक दाणा दहा डॉलरचा. आत दोनशे दाणे आहेत, मी सकाळी मोजलेत. मी घंटा वाजवली की महिना संपला. बँक म्हणते, चार दाणे तरी भर; देणं उतरलं की मागणीही उतरते. टायलर, काढ चार."

घंटा वाजली. टायलरने चार दाणे काढून 'बँक' लिहिलेल्या कागदी पिशवीत टाकले. कांताताईने आपल्या पुड्यातून तीन दाणे घेतले आणि बरणीत टाकले.

"हे, हे कशाचे?" टायलर ओरडला.

"भाड्याचे. दुसऱ्याचे पैसे महिनाभर वापरलेस, त्याचं भाडं." पुन्हा घंटा. चार बाहेर, तीन आत. पोरं खिदळायला लागली. सहाव्या महिन्यापर्यंत हसणं चालू होतं, मग ते हळूहळू आटलं. बाराव्या घंटेला वर्गात रेडिएटरचा आवाज ऐकू येत होता. कांताताईने दोन मुलांना पिशवी मोजायला लावली आणि दोघांना बरणी. पिशवीत अठ्ठेचाळीस निघाले. बरणीत एकशे अठ्ठ्याऐंशी.

"ओन्ली ट्वेल्व्ह?" टायलर म्हणाला. "पण मी तर अठ्ठेचाळीस दिले!"

चष्मेवाली एक मुलगी वहीत काहीतरी खरडत होती. तिने मान वर केली. "महिन्याला एक दाणा कमी होतो. निदान दोनशे महिने लागतील. सोळा वर्षं आणि आठ महिने." ती थांबली, आणि घाबरल्यासारखी म्हणाली, "आय विल बी ट्वेंटी-सेव्हन."

मागे बसलेल्या नंदाने हातातली कात्री खाली ठेवली. एम.कॉम.ला तिने चक्रवाढ व्याजाची पानंच्या पानं सोडवली होती, फर्स्ट क्लास मिळवला होता. पण व्याज तिने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आणि इथे दहा वर्षांची ही पोरगी बरणीकडे बघून स्वतःचं सत्ताविसावं वर्ष बघत होती. केवढी ताकद त्या राजम्यांत, आणि केवढी त्या ठेंगण्या बाईच्या हातात!

तेवढ्यात इलाने हात वर केला. "पण माय डॅड रोज मंथ मिनिमम भरतात, कांता काकू," ती इंग्रजी-मराठीची खिचडी करत खणखणीत आवाजात म्हणाली. "ही इज नेव्हर लेट. मग आमची बरणी एम्प्टी आहे ना?"

नंदाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. सगळ्या वर्गासमोर घराचं झाकण उघडलं होतं. आता ही बाई माझ्याकडे बघणार, आणि सगळे बघणार.

कांताताईने मागे बघितलं नाही. एकदाही नाही. ती इलाकडे बघून म्हणाली, "नेव्हर लेट? वा! ऐका रे सगळे. मी नऊ वर्षं लेट लोकांना फोन करत होते. इलाच्या डॅडींना फोन करायची वेळ माझ्यावर कधीच आली नसती. तारीख पाळणं हे निम्मं काम, आणि तेच सगळ्यांत कठीण असतं. राहिलं फक्त दाण्यांचं. टायलर, बरणी पुन्हा दोनशेवर आण. आता चाराच्या जागी दर महिन्याला आठ काढ, शेवटपर्यंत. बघू काय होतं."

मुलांनी अंदाज सांगितले. दुप्पट भरले तर निम्मा वेळ, म्हणजे आठ वर्षं, असं सगळ्यांचं मत पडलं. नंदाचंही तेच, फर्स्ट क्लास असूनही. घंटा वाजू लागली. आठ बाहेर, तीन आत. बरणी जशी उतरायला लागली तसे कांताताईचे दाणे घटले. तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. पोरं बाकांवर चढली. वर्गशिक्षिका खडू हातात धरून तशीच उभी राहिली. मुलं महिने मोठ्याने मोजत होती, आणि बत्तिसाव्या घंटेला टायलरने बरणी उलटी करून दाखवली. रिकामी!

सोळा वर्षं आठ महिन्यांचे पावणेतीन वर्षांच्या आत. नंदा बघतच राहिली.

शाळा सुटल्यावर इला मैत्रिणीकडे गेली आणि कांताताईने नंदाला घरी सोडलं. दादाराव गाडी चालवत होता, बायका मागे बसल्या होत्या. नंदाने हातमोजे काढले. मग म्हणाली, "कांताताई, तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत."

"बघायचं कशाला? देणं लपवणाऱ्याला आधी लाज मारते, व्याज मागाहून." तिने पर्समधून चहापत्तीचा एक जुना, गंजका डबा काढला आणि नंदाच्या मांडीवर ठेवला. आत चिंचोके होते, हाताळून हाताळून आरशासारखे गुळगुळीत झालेले.

"माझी आई विड्या वळायची," कांताताई म्हणाली. "कामठीत आमच्या वस्तीतल्या सगळ्याच बाया वळायच्या. मोठा भाऊ टायफॉइडने पडला तेव्हा तिने ठेकेदाराकडून चाळीस रुपये उचल घेतली. दर शनिवारी मजुरीतून रुपया कापायचा. आईला अक्षर येत नव्हतं. विसाच्या पुढं मोजताही येत नव्हतं. पण रुपया कापला की ती एक चिंचोका या डब्यात टाकायची. एका शनिवारी तिने विचारलं, किती राहिले? तो चोपडी बघून म्हणाला, तीस. आई घरी आली, डबा माझ्यापुढं उपडा केला न् म्हणाली, मोज. मी चौथीत होते. दहा वर्षांची."

"किती निघाले?"

"त्रेसष्ट. मी तिला विसांत सांगितलं, तीन विसा न् वर तीन. ती म्हणाली, घेतले दोन विसा, दिले तीन विसा न् तीन, आणि अजून तीस बाकी? दुसऱ्या शनिवारी साऱ्या बाया रांगेत होत्या. आईने ठेकेदाराच्या चटईवर डबा ओतला. म्हणाली, माझी पोरगी मोजते, तू बघ. मी मोजले, नंदा. मोठ्यानं."

"मग?"

"मग काय? पैसे थोडीच परत देणार तो? पण आईची उचल त्यानं फिटली म्हणून लिहिली, निमूट. आणि पुढल्या शनिवारपासून चटईच्या कडेला मी पाटी घेऊन बसायला लागले. प्रत्येक बाईचं कापलेलं लिहायचं. बौद्ध दीक्षा घेतल्याला दोन वर्षं झाली होती, बायांना भारी उमेद होती. ती माझी पहिली शाळा. ही ट्रॉयची दुसरी." ती हसली. "आईने चटईवरचे चिंचोके परत वेचले. एकही कमी होऊ दिला नाही."

नंदाने डब्याला झाकण लावलं आणि तो कांताताईला परत दिला. एक अक्षर न येणारी बाई आणि तिची दहा वर्षांची पोर. किती लांबून आली होती ती घंटा!

"श्रीरामला कसं सांगू?" तिने अखेर विचारलं. "शनिवारी व्हॅन घ्यायची आहे. त्याच कार्डाच्या चेकवर."

"तू नको सांगू. बायकोनं सांगितलेलं व्याज नवऱ्याला दुप्पट लागतं. इलाला होमवर्क दिलाय, तिला करू दे."

होमवर्क म्हणजे जॅमची बाटली, त्यात शंभर राजमे आणि एक घंटा. घरातल्या मोठ्यांसोबत खेळायचं. गुरुवारी संध्याकाळी जेवणं झाल्यावर इलाने ती श्रीरामसमोर मांडली. तो आधी हसला. मग वर्गात काय झालं ते इलाने सांगितलं, आपण विचारलेल्या प्रश्नासकट, आणि त्याचं हसू मावळलं. "फोनवर वसुली करणारी बाई आता मला हिशेब शिकवणार? मी बी.ई. आहे, नंदा!" पण पोरीचा हिरमोड नको म्हणून तो खेळला. दोन बाहेर, दीड आत, म्हणून इलाने एक दाणा सुरीने अर्धा केला होता. दहाव्या महिन्याला श्रीराम उठला आणि कपाटातून बिलांचा शू-बॉक्स घेऊन आला. त्याची बिलं तारीखवार लावलेली असत. त्यावर 'फायनान्स चार्ज' नावाची, म्हणजे त्या महिन्याच्या व्याजाची, एक ओळ असते. स्कूटरच्या पासबुकात ती नव्हती, म्हणून चार वर्षांत त्याने ती वाचलीच नव्हती. आता तो ती वाचू लागला, एकेका बिलावर बोट ठेवून. मग बॉक्स बंद केला. "झोपा आता," एवढंच बोलला. शुक्रवारी तो डबा घेऊन गेला, डबा घेऊन आला आणि टीव्ही लावून बसला. नंदाला काही कळेना, हा माणूस आतून तुटतोय की तापतोय.

शनिवारी सकाळी डीलरकडे जायला तिघं तयार झाली. तो कोरा चेक श्रीरामच्या खिशात होता. नंदा इलाचे बूट हातात घेऊन दाराशी उभी, आणि तो म्हणाला, "थांब. आधी त्या बाईला फोन करतो." स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून त्याने नंबर फिरवला. कांताताईचा आवाज मूळचाच खणखणीत, रिसीव्हरबाहेर स्वच्छ ऐकू यायचा.

"मॅडम, मी इलाचा बाबा. माझ्या पोरीला माझ्याच घरात चौकशा करायला शिकवता तुम्ही? हू गेव्ह यू द राइट?"

"ऐकते आहे, भाऊ. बोला."

तो बोलला. इंग्रजीत बोलला, मराठीत बोलला, अब्रूबद्दल बोलला, आपल्या शिक्षणाबद्दल बोलला. दर वेळी पलीकडून तेच यायचं, "बोला." नऊ वर्षं तिने हेच केलं होतं, माणसाचा राग संपेपर्यंत लाइन धरून ठेवली होती. शेवटी त्याच्याकडचे शब्द सरले. फोनची लांब वायर त्याने बोटाभोवती गुंडाळली होती, बोट पांढरं पडलं होतं.

"मी एकही हप्ता चुकवला नाही, ताई," तो म्हणाला. आवाज अगदी वेगळाच निघाला.

"माहीत आहे. चुकवला असता तर आपली ओळख आधीच झाली असती."

"मग संपत का नाही?"

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला. मग कांताताई म्हणाली, "आकडा सांगा, भाऊ. बाकी काही नको. फक्त आकडा."

श्रीरामने भिंतीला कपाळ टेकलं. "अकरा हजार चारशे."

नंदा दाराशीच खाली बसली, बूट मांडीवर घेऊन. चार वर्षांत हा आकडा त्या घरात कधी मोठ्याने उच्चारला गेला नव्हता. तिला रडू येत होतं आणि त्याच वेळी छाती हलकी होत होती. पलीकडून कांताताईचा आवाज आला, "सांगितलात ना? झालं. अवघड तेवढंच होतं. आम्ही येतो, चहा टाका."

दुपारी डायनिंग टेबलावर राजम्यांचे दहा-दहाचे ढीग लागले. एका दाण्याचे दहा डॉलर, म्हणजे अकराशे चाळीस दाणे. नंदाच्या स्वयंपाकघरातल्या डब्यातले अख्खे राजमे त्यात गेले. श्रीराम महिन्याला दोनशे अठ्ठावीस डॉलर भरत होता. दुप्पट करून, बिलावरचा आकडा उतरला तरी घटवायचं नाही आणि नवं काही घ्यायचं नाही, असं धरून कांताताईने कागदावर मांडलं. बत्तीस महिने. इला टाळ्या वाजवत म्हणाली, "सेम अ‍ॅज टायलर!" बँकेने पाठवलेल्या कोऱ्या चेकांच्या पाठीवर तिने एक ते बत्तीस महिने लिहिले आणि फ्रिजवर लावून टाकले. राजमे एका बरणीत भरले, दर महिन्याला फिटतील तेवढे त्यातून काढायचे.

बत्तीस महिने बोलायला सोपे असतात. आमसुली व्हॅन दुसऱ्या कोणाच्या तरी दारात गेली. जुन्या गाडीचा हीटर दुसऱ्या हिवाळ्यात बंद पडला, तेव्हा तिघं ब्लँकेट घेऊन बसायची. इंडियाची ट्रिप कॅन्सल केली, आणि श्रीरामच्या आईचा रुसवा वर्षभर पुरला. दिवाळीला मंडळात कोणीतरी व्हॅनचं विचारलं तेव्हा नंदा सरळ म्हणाली, "कर्ज फेडतोय." त्यानंतर दोघीजणी तिला बाजूला घेऊन कांताताईचा नंबर मागून गेल्या. बुधवार नंदाने एकही चुकवला नाही. दाणे आता तीच मोजायची.

नव्व्याण्णवच्या ऑक्टोबरात एका बुधवारी श्रीराम अर्धी रजा टाकून शाळेत आला. वर्गात नवीनच पाचवी बसलेली होती. इला तर आता आठवीत, तिने त्या दिवशी मुद्दाम परवानगी काढली होती. श्रीरामच्या एका हातात नंदाने मिल्क पावडरचे केलेले पेढे होते, दुसऱ्या हातात घरची बरणी. तिच्यात एकच राजमा उरला होता. मुलांना त्याने आपणहून सांगितलं, किती होतं, कसं झालं, कोणती ओळ वाचली नव्हती. आपल्याला कुठल्या मीटिंगमध्ये एवढं धडधडलं नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. मग तो कांताताईकडे वळला आणि तिच्या पाया पडायला वाकला.

तिने त्याला वाकू दिलं नाही. हातात घंटा दिली. "वाजवा, भाऊ. बत्तिसावा."

त्याने वाजवली. इलाने बरणीतून शेवटचा दाणा काढला आणि सवयीने 'बँक' लिहिलेल्या पिशवीकडे हात नेला.

"इकडे दे," कांताताई म्हणाली. तिने पर्समधून तो गंजका डबा काढला, राजमा त्या त्रेसष्ट चिंचोक्यांत टाकला आणि झाकण लावलं.